मुलगी चालताना झोकांड्या खाते, सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’. आता कुठली तपासणी?

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री १०:०५

नमस्कार. मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

लेक बारा वर्षांची, सातवीत आहे. तिसरीत असताना भावाला मागे बसवून सायकल चालवायची. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या लेझीम पथकात तिचा पाय चुकायला लागला. बाईंना वाटलं लक्ष नाही. २६ जानेवारीच्या आठवडाभर आधी तिला पथकातून काढलं, आणि घरी मीही तिलाच बोलले. ते आठवलं की घास गिळत नाही. मग ती जिना उतरताना कठडा धरायला लागली. आता सपाट रस्त्यावरही पाय फाकवून चालते, वळताना झोकांडी जाते. अक्षर पार बिघडलंय. बोलणंही जड झालंय. फोनवर माझ्या बहिणीला वाटतं ही आत्ताच झोपेतून उठली.

हाडांच्या डॉक्टरांनी तळपायाची कमान फार उंच आहे म्हणून बूट दिले. मग बी-१२ आणि डीच्या गोळ्या झाल्या. एका ठिकाणी ऐकलं की वयात येताना मुली लक्ष वेधून घ्यायला असं करतात. मग मेंदूचा एमआरआय केला, नॉर्मल. शेवटी एक्झोम नावाची जनुकीय तपासणी केली. वीस हजार भरले, दीड महिना वाट पाहिली, काल रिपोर्ट आला: लक्षणांशी जुळणारा दोष आढळला नाही.

सगळे म्हणतात, चांगलंच आहे की. मग ती पडते का?

बोरूबहाद्दर | १४ जून, रात्री १०:३१

ताई, शीर्षक वाचून पोटात गोळा आला. मला यातलं काही कळत नाही, पण आपले हातोडीवाला रात्री अकरानंतर उगवतात. त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

हातोडीवाला | १४ जून, रात्री ११:४८

उगवलो. मुलांच्या मेंदूविकारांचं काम करतो, पण पेशंट न तपासता निदान करणार नाही. इथे कुणी करून दिलं तर तुम्हीही घेऊ नका. आधी मला काही विचारू द्या.

सकाळी उठल्याउठल्या उलटी, डोकेदुखी, एक वस्तू दोन दिसणं, यातलं काही आहे का? असेल तर धागा बंद करा आणि उद्याच डॉक्टरांकडे जा, एमआरआय जुना असला तरी. लहान मेंदूच्या जागेतली गाठ अशीच सुरू होते. घरात कुणाच्या फिटच्या गोळ्या आहेत का, तिच्या हाती लागतील अशा? तोल अचानक गेला की हळूहळू? मधल्या काळात कधी पूर्ण बरी होती का? अंधारात जास्त पडते का? गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारून कुणी बघितलं का? आणि राग मानू नका, तुमचं लग्न नात्यातलं आहे का?

कृष्णाकाठची | १५ जून, सकाळी ६:२०

उलटी, डोकेदुखी नाही. फिटच्या गोळ्या घरात कुणाच्या नाहीत. सगळं हळूहळू झालं, मध्ये कधी बरी नव्हती.

अंधाराचं तुम्ही विचारलंत आणि मी दचकलेच. आमच्याकडे लाइट गेली की ती जिथे असेल तिथे खाली बसते. मला वाटायचं घाबरते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं, नाहीतर मागे जाते. हे मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं.

हातोडी शेवटच्या डॉक्टरांनी मारली होती. काही हललं नाही म्हणून त्यांनी पुन्हा मारून पाहिली. तळव्यावर किल्ली ओढली तेव्हा अंगठा वर गेला. त्यावर ते काही बोलले नाहीत, फाइलवर लिहिलं. हो, अजून एक. दप्तराचा एक पट्टा खांद्यावरून सारखा घसरतो. पाठीचा कणा किंचित वाकडा आहे.

मी आत्याच्याच घरी दिलेली आहे. सख्खी आत्या.

हातोडीवाला | १५ जून, रात्री ११:१५

साबणाची गोष्ट तुम्ही सांगितलीत ती अर्ध्या तपासणीइतकी मोलाची आहे.

तोल एकटा लहान मेंदू सांभाळत नाही. डोळे, आतला कान आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतून वर जाणारी खबर (पाय आत्ता नेमका कुठे आहे) या तिघांवर तो चालतो. खबर येणं बंद झालं तर माणूस डोळ्यांवर भागवतो. डोळे मिटले, लाइट गेली, की कोसळतो. निव्वळ लहान मेंदूचा बिघाड असेल तर डोळे उघडे असतानाही जवळजवळ तेवढाच डोलतो. तुमच्या वर्णनात दोन्ही दिसतं: बोलणं आणि अक्षर लहान मेंदूकडे बोट दाखवतं, साबण आणि अंधार मज्जारज्जूच्या मागच्या पट्ट्यांकडे. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया गेलेली आणि तरी तळव्याचा अंगठा वर, ही जोडी विरळा. एक म्हणते नस खराब, दुसरी म्हणते वरची वायरिंग खराब. दोन्ही एकत्र, उंच कमान, वाकडा कणा, सुरुवात दहाच्या आसपास, आईवडील नात्यातले... पहिलं नाव डोक्यात येतं ते फ्रीडराइख अटॅक्सियाचं (अटॅक्सिया म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ जाणं). हायडेलबर्गचे निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ पासून याचं वर्णन लिहिलं.

यात सुरुवातीला मेंदूचा एमआरआय चांगला दिसतो, लहान मेंदू भरलेलाच असतो. बारीक झालेला असतो तो मानेतला मज्जारज्जू, आणि मानेचा फोटो कुणी काढलेला नसतो. तुमच्याकडे काढलाय का?

पण त्याआधी एक स्वस्त तपासणी: रक्तातलं ई जीवनसत्त्व. हुबेहूब असंच दिसणारा दुसरा आजार आहे. त्यात यकृतातलं एक प्रथिन बिघडलेलं असतं, त्यामुळे खाल्लेलं ई जीवनसत्त्व शरीरात टिकत नाही. उत्तर आफ्रिकेत, ट्युनिशियाकडे तो बराच सापडतो, आपल्याकडे क्वचित. पण त्याला औषध आहे, तेच जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत, जन्मभर. आजार तिथेच थांबतो, काही प्रमाणात मागेही फिरतो. उशीर केला तर गेलेलं परत येत नाही. म्हणून दहा हजार मुलांत एकाला निघालं तरी मी हे रक्त पाठवतोच.

आणि त्या रक्ताआधी तिला ई ची कॅप्सूल देऊ नका, आकडा फसवा येतो.

कृष्णाकाठची | १६ जून, सकाळी ७:०२

मानेचा फोटो नाही काढला.

कॅप्सूल... माझी बहीण केसांसाठी तिला गेला महिनाभर एव्हिऑन देतेय 🤦 आजपासून बंद.

हातोडीवाला | १६ जून, दुपारी १:४०

अख्खा महाराष्ट्र केसांसाठी तेच खातो, बहिणीला रागावू नका. डॉक्टरांना मात्र सांगा, रक्त कधी घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या.

पिपेट | १६ जून, रात्री ९:१०

जनुकीय प्रयोगशाळेत नोकरी करते, डॉक्टर नाही. ‘एक्झोम नॉर्मल’ या शब्दांवर लिहायचंय, कारण हे फार वेळा बघते.

ताई, रिपोर्टच्या शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत मर्यादा दिलेल्या असतात. तिथे बहुधा लिहिलेलं असेल की ही तपासणी पुनरावृत्तीचे दोष पकडत नाही. ते पान कुणी वाचत नाही. वाचलं तरी पेशंटला कोण समजावणार?

जनुक म्हणजे लांबलचक मजकूर धरा. एक्झोममध्ये आपण त्यातली कामाची वाक्यं वाचतो, मधला भराव सोडून देतो. फ्रीडराइखचा दोष नवव्या गुणसूत्रावरच्या एफएक्सएन जनुकात, पण पहिल्याच भरावात आहे. तिथे जीएए ही तीन अक्षरं एकामागून एक येतात. तुमच्याआमच्यात ती ३३ वेळांपर्यंत असतात. आजारात ६६ च्या पुढे, बहुतेक मुलांत काहीशे ते हजाराच्या वर. एक तर आपण ती जागा वाचतच नाही. वाचली तरी आमचं यंत्र शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून जोडतं. नुसतं ‘जीएएजीएएजीएए’ असलेला तुकडा कुठे बसवायचा आणि असे किती होते, हे त्याला कळत नाही. शिवलीलामृताची पोथी फाटून प्रत्येक कपट्यावर फक्त ‘श्री’ उरावं, तसं.

यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते, ट्रिपलेट रिपीट प्राइम्ड पीसीआर. एक्झोमपेक्षा बरीच स्वस्त. चिठ्ठीवर ‘एफएक्सएन जीएए रिपीट’ असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं ‘अटॅक्सिया पॅनेल’ नको. पॅनेलमध्ये काय येतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

ही तपासणी १९९६ नंतरच शक्य झाली, जनुक त्याच वर्षी सापडलं. त्याआधी निदान हातोडीवरच व्हायचं.

आजोबा_सदाशिव | १७ जून, सकाळी ८:१५

आमच्या ओळखीतल्या एकांच्या नातवाला स्टेम सेलची चार इंजेक्शनं दिली, पुष्कळ फरक पडला म्हणतात. सात लाख लागले. या तपासण्यांच्या मागे किती धावायचं? पत्ता हवा असल्यास देतो.

हातोडीवाला | १७ जून, रात्री ११:३०

आजोबा, आदर ठेवून सांगतो, पत्ता देऊ नका. आयसीएमआरच्या (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठराविक आजारांतलं मूळपेशी-रोपण सोडलं तर बाकी सगळीकडे स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. सात लाख घेतले इथेच उत्तर मिळालं. आणि निदानच नाही तर फरक कशात पडला?

बोरूबहाद्दर | १७ जून, रात्री ११:५२

+१. आजोबा, तुमची तळमळ कळते हो.

विदर्भातला_बाप | १८ जून, रात्री १२:४०

मी या साइटवर फक्त वाचतो. आज लिहितो, कारण आमचं निदान तीन वर्षं चुकलं आणि इथे दुसरं कुणी शोधत आलं तर त्याला उपयोग होईल.

मुलगा आता नऊ वर्षांचा. वर्षाचा असताना चालायला लागला, पण दीड वर्षाचा झाला तरी डुलतच होता. सेरेब्रल पाल्सी म्हणून कागद मिळाला, थेरपी सुरू. पाल्सी वाढत नसते, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? याचं तर वाढत होतं. बाजूला बघायचं तर आधी मान झटक्याने फिरवायचा, मग डोळे. सारखी सर्दी, दोनदा न्यूमोनिया. पाचव्या वर्षी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल बारीक रेघा दिसायला लागल्या. डोळे आले म्हणून थेंब घातले, महिनोन्महिने. त्या डोळ्याच्या रेघा नव्हत्याच, आजाराच्या होत्या.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन मोजायला सांगितलं. काहीशे रुपयांची तपासणी. दहापट निघालं. पुढे जनुकात दोष सापडला, अटॅक्सिया टेलँजिएक्टेसिया. तोल आधी जातो, लाल रेघा तीन-चार वर्षांनी उमटतात, म्हणून रेघांची वाट पाहत बसणारे फसतात.

यात क्ष-किरणांनी पेशींना नेहमीपेक्षा फार नुकसान होतं. निदानाआधी आमचे तीन सीटी झाले होते. आता फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय. बायकोच्या अंगात त्याच जनुकाची एक बिघडलेली प्रत आहे, तिला आजार नाही, पण स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त. तिच्या तपासण्याही आता वेळेवर होतात. हे आम्हाला जेनेटिक काउन्सेलरने सांगितलं, बाकी कुणी नाही.

ताईंच्या मुलीचं हे वाटत नाही, वय वेगळं आहे. तरी लिहिलं.

हातोडीवाला | १८ जून, रात्री ११:२०

दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. पाच वर्षांआतलं मूल, वाढत जाणारा डुलतेपणा, मान झटकून बघणं, सारखा छातीचा संसर्ग: यात अल्फा फीटोप्रोटीन आणि इम्युनोग्लोब्युलिन (संसर्गाशी लढणारी प्रथिनं) ही दोन रक्तं झालीच पाहिजेत. (दोन वर्षांच्या आत मात्र अल्फा फीटोप्रोटीन निरोगी बाळांतही चढं असतं, तिथे जपून.)

विषय निघालाच आहे तर अजून काही लिहून ठेवतो, उपाय असलेल्या आजारांबद्दलच. सकाळी उपाशीपोटी मूल जास्त डगमगतं आणि खाल्लं की सावरतं, सोबत फिट्स: पाठीतल्या पाण्यातली साखर रक्ताच्या साखरेशी ताडून बघा. मेंदूत साखर नेणारा दरवाजाच अर्धवट असतो, आणि किटोजेनिक आहाराने मुलं खरोखर सुधारतात. लहानपणी मोतीबिंदू, वर्षानुवर्षं जुलाब, मोठेपणी टाचेच्या शिरेवर गाठी: रक्तातलं कोलेस्टॅनॉल (कोलेस्टेरॉलसारखा एक स्निग्ध पदार्थ) तपासा. केस विरळ, अंगावर पुरळ, ऐकू कमी: बायोटिनिडेज तपासा, बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला वापरता यावं म्हणून लागणारं विकर. बायोटिनची गोळी किती स्वस्त आहे आणि ती न मिळाल्याने किती मुलं बहिरी झाली, याचा विचार केला की झोप येत नाही.

आणि ज्यांचं मूल कांजिण्या उतरल्यावर आठवड्याभरात अचानक डुलायला लागलंय त्यांनी हा धागा वाचून घाबरू नका. डॉक्टरांना दाखवा, पण ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातं. डोळे इकडेतिकडे नाचत असतील तर मात्र ताबडतोब. तिथे पोटात-छातीत लहानशी गाठ शोधावी लागते.

कृष्णाकाठची | ९ ऑगस्ट, दुपारी ३:३०

धागा वर काढतेय. रिपोर्ट आले.

ई जीवनसत्त्व व्यवस्थित (कॅप्सूल थांबवून डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी घेतलं). मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू बारीक. नसांच्या तपासणीत संवेदनेच्या लाटाच आल्या नाहीत, हालचालीच्या ठीक. आणि जीएए: एका प्रतीवर साधारण ७००, दुसरीवर ९००.

फ्रीडराइखच आहे.

मला वाटलं होतं नाव कळलं की रडेन. नाही रडले. आधी शाळेत जाऊन बाईंना रिपोर्ट दाखवला. त्या रडल्या.

घरी वेगळंच झालं. आत्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुला मीच मागून घेतली होती. मी त्यांना काय सांगू?

पिपेट | ९ ऑगस्ट, रात्री १०:०५

त्यांना हे सांगा: बिघडलेली एक प्रत अंगात घेऊन फिरणारी माणसं मुळीच दुर्मिळ नाहीत. युरोपात सुमारे शंभरात एक जण असा असतो, त्याला आयुष्यभर काही होत नाही. दोन परके लोक लग्न करतात आणि त्यांनाही हे मूल होतं. नात्यामुळे शक्यता वाढते हे खरं, पण प्रत तुमच्या दोघांच्याही आजोबा-आजींच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली असणार. आत्यांनी ती बनवलेली नाही.

हातोडीवाला | ९ ऑगस्ट, रात्री ११:५५

ताई, पुढचं. हृदयाची टूडी इको आणि ईसीजी आता, नंतर दरवर्षी. या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि तक्रार येईपर्यंत थांबायचं नसतं. साखर वर्षातून एकदा. कणा सहा महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे, वाढीच्या वयात तो झपाट्याने वाकतो.

औषधाबद्दल तुम्ही वाचलं असेलच. ओमॅव्हेलॉक्सोलोनला अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली, १६ वर्षांपुढच्यांसाठी. आजार बरा होत नाही, वेग कमी होतो. २०२३ मध्ये बाजारात आलं तेव्हा तिथली किंमत वर्षाला सुमारे ३ लाख ७० हजार डॉलर होती. आकडा मुद्दाम लिहिला, म्हणजे कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर तुम्हाला अंदाज असेल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. निधी ठराविक आजारांनाच मिळतो, तरी तिथल्या जेनेटिक्स विभागात एकदा नाव नोंदवा.

शेफील्डकर | १० ऑगस्ट, पहाटे २:१५

मी फिजिओ, मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षं शेफील्डला. इथे अटॅक्सियाचं वेगळं केंद्रच आहे.

व्यायामाने काय होणार, असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. २०१२ मध्ये जर्मनीत असा वाढत जाणारा अटॅक्सिया असलेल्या १० मुलांना आठ आठवडे एक्सबॉक्स किनेक्टचे खेळ खेळायला लावले होते, अंग हलवून खेळायचे ते. तोल मोजायची ‘सारा’ नावाची पट्टी आहे, शून्य ते ४० गुण, जितके जास्त तितका त्रास. त्या मुलांचे सरासरी दोन गुण कमी झाले. दोन म्हणजे आजार वर्षभरात जेवढा सरकतो त्याहून जास्त. मुद्दा खेळण्याचा आहे, यंत्राचा नाही. भिंतीजवळ उभं राहून चेंडू झेलणं, सागरगोटे, कॅरम. कंटाळवाणे ‘दहा वेळा पाय उचला’ छापाचे व्यायाम मुलं आठवड्याभरात सोडतात.

आणि घरात रात्री पिवळा दिवा चालू ठेवा. अंधार तिचा शत्रू आहे.

कृष्णाकाठची | १० ऑगस्ट, सकाळी ६:४५

संडासाच्या वाटेवर दिवा लावला. कॅरम घरात होताच, माळ्यावरून काढला.

एक प्रश्न छळतोय. धाकटा सात वर्षांचा, अजून अगदी नीट. त्याचीही तपासणी करू का? हे म्हणतात करून टाक, एकदाचं कळेल. मला नको वाटतं.

हातोडीवाला | १० ऑगस्ट, रात्री ११:४०

प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता. लक्षण नसलेल्या मुलाची अशी तपासणी सहसा करत नाहीत, कारण आज कळून आज देण्यासारखं त्याच्यासाठी काही नाही. शिवाय कळायचं की नाही हे मोठा झाल्यावर त्याचं त्याला ठरवता येतं. मोठीला ई जीवनसत्त्वाचा आजार निघाला असता तर त्याच दिवशी धाकट्याचं रक्त घ्या म्हटलं असतं. पण मी बाप नाही त्या घरातला. त्याचे वडील रात्री काय विचार करत जागे असतील ते मला माहीत नाही. दोघं मिळून काउन्सेलरकडे जा.

विदर्भातला_बाप | ११ ऑगस्ट, रात्री १२:२०

आमची मोठी मुलगी आहे. आम्ही केली. एक प्रत निघाली, आजार नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे वीस दिवस मात्र मी तिला चालताना बघितलं की पावलं मोजायचो. अजूनही कधीकधी मोजतो.

कृष्णाकाठची | २ सप्टेंबर, रात्री ९:५०

धाकट्याचं थांबवलंय. यांना पटायला वेळ लागला.

इकोमध्ये भिंत किंचित जाड, औषध सध्या नाही. अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज केला. २०१६ च्या कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकार धरलेले आहेत, हे तिथल्या कारकुनाला मलाच सांगावं लागलं. शाळेने वर्ग तळमजल्यावर आणलाय. परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळेल म्हणालेत, लेखी अजून नाही.

बूट कुठले घ्यायचे? आधीचे जड आहेत, ती पाय ओढते. घोट्याच्या वरपर्यंतचे घेऊ की साधे?

शेफील्डकर | ३ सप्टेंबर, पहाटे १:३०

हलके, तळवा पातळ पण रुंद, टाच मागून कडक, वेलक्रोचे. नाडीचे नकोत, नाडी बांधताना ती वाकेल आणि पुढे जाईल. घोट्याला आधार लागतो का ते फिजिओने उभं करून बघितल्यावरच ठरवा. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आणि रंग तिला निवडू द्या.

कृष्णाकाठची | ६ सप्टेंबर, रात्री ८:१०

जांभळे घेतले.